बावखलातली कासवं

मार्च अर्धा सरला आणि बावखलाचं पाणी शेवटच्या पायरीच्याही खाली गेलं. कडेचा काळा गाळ उघडा पडला. दुपारच्या उन्हात त्याला भेगा जायला लागल्या. वाडवडिलांनी केळीच्या वाड्यांच्या मधोमध खणून ठेवलेलं हे गोड्या पाण्याचं बावखल. सांडोर गावात याच दिवसांत त्याचा गाळ उपसतात. तो केळीच्या बुंध्याशी टाकला की वेगळं खत लागत नाही, आणि पावसाळ्याला बावखल मोकळं होतं. पूर्वी या कामाला सगळे हिस्सेदार एकत्र उतरायचे, हसतखिदळत गाळ काढायचे. यंदा आलोशियसचं एकटं घर उतरलं होतं.

आलोशियसचे गुडघे कधीच गेले होते. तरी तो मांडीइतक्या गाळात उभा राहून घमेली भरत होता. मुलगा जेन्सन भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन पायऱ्या चढत होता. सून बेला शाळेत शिक्षिका. सकाळची शाळा सुटली की ती घरी यायची, दोन घास खायची आणि जुना गाऊन खोचून कामाला लागायची. तिच्या वर्गातल्या पोरांनी तिला या अवतारात पाहिलं असतं तर टीचर म्हणून ओळखलं नसतं. कितीही साबण लावला तरी गाळाचा वास नखांतून जायचा नाही. सकाळी खडू हातात धरला की तो तिला यायचा.

"सांभाळून," आलोशियस म्हणाला. "तुज्या पायाखाली हाय एक."

जेन्सननं वाकून गाळात हात घातला आणि कासव उचललं. ताटलीएवढं, हिरवट पाठीचं. पाय, मान सगळं आत ओढून ते गप्प पडलं होतं. पाणी आटलं की ही कासवं गाळात स्वतःला गाडून घेतात, त्यामुळे उपसताना एखादं हाताला लागतंच. जेन्सननं ते मधल्या पाण्यात सोडलं आणि घमेलं उचललं. घरात कुणाला त्याचं नवल नव्हतं. आलोशियसच्या बापाच्या वेळेपासून ती तिथं होती.

तेवढ्यात काठावर मोटारसायकल थांबली. जेम्स आला होता, आलोशियसच्या थोरल्या भावाचा मुलगा. बावखलात त्याचाही हिस्सा होता, पण पाणी घालायला वाडी उरली नव्हती. वाडीच्या जागी त्यानं लग्नाचा हॉल बांधला होता, आणि हॉलला आता गाड्या लावायला जागा हवी होती.

"काका, कशाला हाडं मोडून घेताव?" जेम्स वरूनच म्हणाला. "हितं डेब्रिज पडनार. गाळ काढून फायदा कोनाला?"

"माजी सही नाय."

"तुमची एकट्याची नाय. बाकीच्यांची हाय."

"मंग केळीला पानी कुठनं घालू? विहिरीचं मचूळ झालं."

"केळी अजून किती दिवस लावनार? जेन्सन, तूच सांग. हॉलवर मला भरवशाचा मानूस पायजे. सावलीत बसायचं काम हाय, चिखल नाय की काय नाय."

जेन्सनच्या कानामागून गाळाचं पाणी ओघळत होतं. त्यानं उत्तर दिलं नाही. नाही म्हणाला असता तर बेलाला बरं वाटलं असतं. हे गप्प राहणं तिला टोचलं. बावखल गेलं की वाडी जाणार आणि वाडी गेली की आपला नवरा जेम्सच्या हॉलसमोर गाड्यांना शिट्ट्या मारत उभा राहणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

जेम्स गेल्यावर आलोशियसनं फावडं गाळात रोवलं आणि म्हणाला, "घमेलं आन."

बेलाकडे जेम्सविरुद्ध एकच हत्यार होतं, ती कासवं. सहावीच्या वर्गाला वन्यप्राणी शिकवताना ती दरवर्षी पोरांना बावखलावर घेऊन यायची. खंड्या कुठं बसतो, घोरपड कुठल्या बिळात जाते, रात्री केळफुलावर वाघळं कशी येतात, सगळं दाखवायची. कायद्यात वाघाला जितकं संरक्षण आहे तितकंच या कासवाला आहे, हे सांगितलं की पोरांचे डोळे मोठे व्हायचे. यंदा शाळेला नवा प्रोजेक्टर मिळाला होता. तिनं त्यावर तिकडे कोकणातल्या किनाऱ्याचा व्हिडिओ दाखवला. वाळूतून निघालेली कासवाची इवली पिल्लं समुद्राकडे पळतायत, माणसं दोन्ही बाजूंना उभी राहून त्यांना वाट करून देतायत. पहिलं पिल्लू लाटेत गेलं तेव्हा अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. फ्लॅटमधून येणारी क्षितिजा तर रडलीच.

"त्याला पाण्यात पोचवलं की ते वाचलं," बेला म्हणाली होती. वाक्य चांगलं वाटलं म्हणून तिनं ते फळ्यावर लिहिलं होतं.

आता तिनं वनखात्यात फोन केला. वनपाल बाई नीट बोलल्या. "सोमवारी दुपारी येते. कासवं प्रत्यक्ष दिसली तर पंचनामा करता येईल, मग भराव थांबवता येईल. नुसत्या सांगण्यावर काही होत नाही, मॅडम."

ही गोष्ट बेलानं जेन्सनला आणि सासऱ्याला सांगितली, बाकी कुणाला नाही. वर्गात तर चकार शब्द काढला नाही, कारण जेम्सचा कॅल्विन तिच्याच वर्गात होता. तिची स्वतःची मुलगी प्रिस्काही त्याच वर्गात, आणि दोघं दिवसभर एका सायकलवर. प्रिस्काला सांगणं म्हणजे जेम्सच्या ओट्यावर जाऊन सांगणं. म्हणून तिनं पोरीपासूनही लपवलं. आपण फार हुशारीनं वागतोय असं तिला तेव्हा वाटत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी पहिला डंपर आला. फुटक्या लाद्या, सिमेंटचे गठ्ठे, कुणाच्या तरी संडासाचं भांडं, सगळं धडधडत पायऱ्यांवर पडलं. धूळ केळीच्या पानांवर बसली. आलोशियस काठी घेऊन धावला, पण डंपर वळेपर्यंत तो तिथं पोचलाच नाही. ड्रायव्हर हसत म्हणाला, "चाचा, मालिक से बात करो." मालक हा शब्द ऐकून म्हातारा जागीच थांबला. परत आला आणि उगाच दोरी वळत बसला.

प्रिस्का आणि कॅल्विन हे सगळं कुंपणाशी उभं राहून बघत होती.

"मम्मी, कासवं दबून मरतील ना?" रात्री जेवताना प्रिस्कानं विचारलं.

"नाही मरणार. तू जेव."

"पण डंपर पुन्हा येणार. कॅल्विन बोलला."

"मोठ्यांच्या गोष्टीत तू पडू नकोस," बेला म्हणाली. सोमवारपर्यंत कसं ढकलायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर बेला पेपर तपासायला थांबली. घरी आली तेव्हा प्रिस्का न्हाऊन बसली होती, केस ओले, नखं काळी. बेलानं नखं पाहिली, पण या घरात सगळ्यांचीच नखं काळी होती.

सोमवारी वनपाल बाई कबूल केल्याप्रमाणे आल्या. खाकी गणवेश, पायात गमबूट, सोबत एक माणूस कॅमेरा घेऊन. बेला शाळेतून तशीच आली होती. जेन्सन आणि आलोशियस गाळात उतरले. एरवी नको तेव्हा पायाखाली येणारी कासवं आज कुठं दिसेनात. जेन्सननं पायानं चाचपलं, मग हातानं, मग छातीपर्यंत पाण्यात जाऊन बुडी मारली. वर आला तेव्हा त्याच्या हातात चपलेचा तळ होता.

"ऊन हाय, खोल जात्यात," आलोशियस म्हणाला. पण त्याचा त्यालाच विश्वास वाटत नव्हता. कडेचा गाळ ठिकठिकाणी उकरलेला होता आणि चिखलात बारक्या पावलांचे ठसे होते.

जेम्सही आला होता. हात मागे बांधून काठावर उभा. कुणी न बोलावता आला होता आणि घाईतही नव्हता.

इतक्यात प्रिस्का सायकलवरून उतरली. गणवेशातल्या बाई पाहून ती बेलाकडे पळत आली, तिचा पदर धरून तिच्या कानाशी लागली.

"मम्मी, त्या कासवं बघायला आल्यात? सांगू त्यांना? आम्ही वाचवली सगळी."

"कुठं?"

"समुद्रात सोडली. शनिवारी. मी, क्षितिजा, कॅल्विन. सुरूच्या बागेमागं नेली. मम्मी, एक तर इतकं मोठं होतं! वाळूत ठेवलं, आणि आम्ही दोन्ही साइडला उभं राहिलो, तू दाखवलेलं ना, तसं. व्हिडिओ पण हाय क्षितिजाकडं."

बेलाच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीचा चेहरा उजळला होता.

"नेली कशात?"

"क्रेटमध्ये. कॅल्विनच्या पप्पानी दिले. ते बोलले, चांगलं काम हाय, जा."

बेलानं मान वर केली. जेम्स तिच्याकडेच बघत होता. भाजीचे निळे क्रेट, त्याच्या जुन्या वाडीतले. गोड्या पाण्याचं कासव खाऱ्या पाण्यात जगत नाही, हे सांडोरमधल्या कुठल्याही मोठ्या माणसाला ठाऊक आहे. बेलालाही होतं. इतकं ठाऊक होतं की पोरांना वेगळं सांगायचं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

तिनं प्रिस्काला घरात पाठवलं. जेम्स दोन पावलं जवळ आला आणि आवाज न चढवता म्हणाला, "सांग ना बाईंना. पोरांनी नेली, पोरांनी सोडली. व्हिडिओ हाय, पुरावाच पायजे ना? कायदा पन तूच शिकवतंस. केस कोनावर व्हईल ते बघ. माजा पोरगा व्हता, तुजी पोरगी व्हती. आनी ती फ्लॅटवाल्यांची. तिचा बाप वकिलाकडं काम करतो म्हनं."

"तुम्ही क्रेट दिलेत."

"पोरांनी मागितले, मी दिले. कशाला पायजे ते मी काय इचारू?"

वनपाल बाई वही मिटत होत्या. "मॅडम, काही सांगायचं होतं का?"

बेलाला सगळं सांगायचं होतं. कासवं होती, परवापर्यंत होती, या माणसानं माझ्या पोरांच्या हातून ती मारवली. पण तोंड उघडलं तर पहिल्यांदा नाव येणार होतं प्रिस्काचं. ती म्हणाली, "नाही. असतात एरवी. आज दिसत नाहीत."

"दिसली तर फोन करा," बाई म्हणाल्या. त्यांच्या बुटांना लागलेला गाळ त्यांनी पायरीवर घासला आणि त्या निघून गेल्या.

गाळातून बाहेर येताना आलोशियसला बेलानं हात दिला आणि काय झालं ते सांगितलं. म्हातारा तिचा हात धरून तसाच उभा राहिला.

"खाऱ्या पान्यात?" त्यानं विचारलं. त्या दिवसापासून तो गाळ काढायला उतरला नाही.

संध्याकाळी बेला आणि जेन्सन स्कूटरवर किनाऱ्यावर गेली. भरती उतरत होती. सुरूंच्या खाली पोरं क्रिकेट खेळत होती, भेळवाल्याची गाडी लागली होती. भरतीनं आणून टाकलेल्या पिशव्या-बाटल्यांच्या रांगेतून दोघं खाली बघत चालली. कावळे जमले होते तिथं एक सापडलं. मान बाहेर लोंबलेली, सुजलेली, डोळे फोडलेले. पुढं दुसरं, उलटं पडलेलं. त्याच्या पायाशी कुत्रं ओढाताण करत होतं. जेन्सननं चप्पल फेकून कुत्र्याला हाकललं.

"बाकीची जगली असतील," बेला म्हणाली.

"नाय गं," जेन्सन म्हणाला. "कशाला उगाच."

त्यानं दोन्ही पोत्यात घातली. स्कूटरवर पोतं बेलाच्या मांडीवर होतं. त्यातून पाणी झिरपून तिच्या साडीला लागत होतं आणि घाण वास येत होता. तिनं ते बाजूला केलं नाही. घरी येऊन जेन्सननं केळीच्या ओळीत खड्डा केला, कासवं पुरली आणि त्यावर उपसलेला गाळ ओढला. काम संपल्यावर फावडं धुताना तो म्हणाला, "जेम्सच्या कामाला हो म्हनू का?" आता गप्प राहायची पाळी बेलाची होती.

प्रिस्कानं विचारलं, "कुठं गेलेलात?"

"समुद्रावर."

"दिसली कासवं?"

"लांब गेली असतील," बेला म्हणाली. "पोहत."

डंपर रोज येऊ लागले. बावखल एका बाजूनं बुजत चाललं, उरलेलं पाणी पांढुरकं झालं, त्यावर तेलाचा तवंग आला. जेन्सनचा पंप आता हवाच ओढायचा. केळीची पानं कडेनं करपली. तरी तो सकाळी उठून पंप चालू करायचा, आवाज ऐकत उभा राहायचा आणि बंद करायचा.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला रविवार होता, आणि पोरांनी सांगितलेली गोष्ट फादरांच्या कानावर गेली होती. चर्चमधली मिस्साची प्रार्थना संपायच्या आधी फादरांनी सूचना वाचल्या आणि शेवटी कागद खाली ठेवून हसले. "आपल्या पॅरिशच्या मुलांनी या पवित्र काळात एक सुंदर काम केलं आहे. संकटातल्या मुक्या जिवांना त्यांनी समुद्रात सोडून जीवदान दिलं. मोठ्यांनी शिकावं असं काम. मुलांनो, उभे राहा. आणि त्यांच्या टीचर बेला, तुम्हीही."

शेजारच्या मेरीबाईंनी कोपरानं ढोसलं तेव्हा बेला उभी राहिली. चर्चभर टाळ्या वाजल्या. प्रिस्का पहिल्या बाकावर उभी होती, नवा फ्रॉक घालून, मान ताठ. बेलाच्या मागच्याच बाकावर जेम्स होता. त्याच्या टाळ्या तिला वेगळ्या ऐकू येत होत्या. तो सगळ्यात शेवटी थांबला. तिच्या शेजारी आलोशियस मांडीवर हात ठेवून वेदीकडे बघत बसला होता. एवढ्या माणसांत टाळी न वाजवणारा तो एकटाच होता, आणि बेलाला त्याची लाज वाटावी की स्वतःची, हे कळेना. मग तिच्या लक्षात आलं की तीही टाळ्या वाजवतेय.

सोमवारी ती वर्गात शिरली तेव्हा फळ्याखाली निळे क्रेट रचून ठेवलेले होते. आत ओला गोणपाट नीट अंथरलेला.

"हे काय आहे?"

सगळा वर्ग एकदम बोलायला लागला. शेवटी कॅल्विन उभा राहिला. "टीचर, माझ्या मामाच्या गावात, गासला, बावखल आहे. ते पण भरणार आहेत. तिथं लय कासवं आहेत, मामानं दाखवली. आज शाळा सुटली की आम्ही जाणार. यावेळी पूर्ण वर्ग."

"टीचर, तुम्ही पण चला ना," क्षितिजा म्हणाली. "मम्मीनं सगळ्यांसाठी सरबत दिलंय."

"क्रेट कुणी दिले?"

"पप्पानी," कॅल्विन म्हणाला. त्याला अभिमान वाटत होता. "ते बोलले, पाहिजे तेवढे न्या."

बेलानं दार लावून घेतलं. खुर्चीवर बसली, पुन्हा उठली. पहिल्या बाकावरून प्रिस्का तिच्याकडे बघत होती, कालच्याच चेहऱ्यानं. तो चेहरा तसाच ठेवायचा तर आज गप्प बसावं लागणार होतं, आणि गप्प बसली तर संध्याकाळी आणखी एक बावखल रिकामं होणार होतं.

"बसा सगळे," ती म्हणाली. "आपण सोडलेली कासवं मेली."

पोरांना वाटलं, टीचर पुढं आणखी काही सांगेल, म्हणजे ते खोटं ठरेल.

"ती गोड्या पाण्यातली होती. समुद्रातली कासवं वेगळी. खाऱ्या पाण्यात ही जगत नाहीत. मला किनाऱ्यावर दोन सापडली, आम्ही ती आणून पुरली. बाकीचीही मेली असणार."

क्षितिजानं तोंडावर दोन्ही हात घेतले. मागच्या बाकावर कुणीतरी रडायला लागलं. कॅल्विन अजून उभाच होता. त्यानं क्रेटकडे पाहिलं, मग बेलाकडे.

"टीचर, खाऱ्या पाण्यात मरतात, हे माझ्या पप्पाला माहीत होतं?"

गेला आठवडाभर बेला हा प्रश्न मनातल्या मनात जेम्सला विचारत होती, शिव्या घालून विचारत होती. आता त्याचं उत्तर त्याच्या पोराच्या अंगावर फेकायची संधी आली होती. पोराचा खालचा ओठ थरथरत होता. जेम्स लहानपणी असाच दिसत असेल.

"सगळ्या मोठ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "मलाही."

"मग आम्हालाच का नाय सांगितलं?" प्रिस्का ओरडली. "आणि तू मला बोललीस, पोहत असतील म्हणून!"

प्रिस्का जागेवरून उठली, फळ्याखालचे क्रेट तिनं एकेक करून दाराबाहेर नेऊन ठेवले. कुणी तिला मदत केली नाही, बेलानंही नाही. परत आल्यावर ती पहिल्या बाकावर बसली नाही. शेवटच्या बाकावर, भिंतीशी जाऊन बसली.

बेला फळ्याकडे वळली. खडू धरला तसा नखांतला गाळाचा वास आला. तिनं गोड्या पाण्यातलं कासव काढायला घेतलं, आधी पाठ, मग पाय, मग बोटांमधली कातडी. मागं मुसमुसणं चालू होतं. थोड्या वेळानं वह्या उघडल्याचा आवाज आला. किती उघडल्या आणि त्यात शेवटच्या बाकावरची होती की नाही, हे मागं वळून बघायचा तिला धीर झाला नाही.